काकू, पाकिटामागच्या त्या हिशेबासाठी

सौ. काकूंना साष्टांग नमस्कार.

समोर बसून आभार मानायला गेले की तुम्ही "आधी चहा घे" म्हणून विषय बदलता. म्हणून सगळ्यांदेखत लिहितेय.

कॅलिफोर्नियातल्या कम्युनिटी कॉलेजातलं माझं ते पहिलं सत्र. अकाउंटिंगच्या मिडटर्मला 62 टक्के पडले आणि मी वाटीभर शिरा घेऊन वरच्या मजल्यावर तुमच्या दारात उभी. कोल्हापुरातून बी.ए. झालेल्या मुलीच्या लेखी साठच्या वर म्हणजे फर्स्ट क्लास! तुम्ही शिरा खाल्लात, छान झालाय म्हणालात आणि मग हळूच विचारलंत, "सिलॅबस कुठाय तुझा?"

त्यात पहिल्याच पानावर लिहिलं होतं: 90 ला ए, 80 ला बी, 70 ला सी, 60 ला डी. म्हणजे माझा फर्स्ट क्लास इथे डी होता. खरा घोळ त्याच्या खालच्या ओळीत होता. गृहपाठाला 25 टक्के, आणि मी निम्मे गृहपाठ दिलेच नव्हते. वर्षभर कसंही चाललं तरी शेवटचा पेपर चांगला गेला की निभावतं, हीच सवय अंगात मुरलेली. इथे पहिल्या आठवड्यातला गृहपाठही शेवटच्या बेरजेत येतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. तुम्ही पेन्सिलीने एकेक आकडा मांडलात. फायनलला 85 मिळवले तरी एकूण गाडी 65 च्या आसपासच अडकत होती.

मग तुम्ही विजेच्या बिलाचं पाकीट उलटं केलंत. तीन रकाने आखलेत: विषय, युनिट (म्हणजे विषयाचे श्रेयांक), गुण. गुणांच्या बेरजेला युनिटांनी भागलं की सरासरी, म्हणजे जीपीए. ए ला 4, बी ला 3, सी ला 2, डी ला 1, एफ ला शून्य. पेन्सिल मात्र माझ्या हातात दिलीत. इंग्लिश 4 युनिटचं, बी येणार, म्हणून 12. स्टॅटिस्टिक्स 4 युनिटचं, सी, म्हणून 8. अकाउंटिंगही 4 युनिटचं. "एफ धर आणि भाग." 20 भागिले 12, म्हणजे 1.67. "दोनच्या खाली गेलीस, आणि 12 युनिट झालेत, म्हणजे प्रोबेशन, कॉलेजची ताकीद." डी धरून 24 भागिले 12, काठावर बरोब्बर 2.0. "आता अकाउंटिंग सोडलंस असं धर." 20 भागिले 8. अडीच!

तरी मी अडून बसले होते. विषय सोडला की लागणारा डब्ल्यू म्हणजे गुणपत्रिकेवर डाग, सासरी-माहेरी काय सांगू, शिवाय युनिटमागे 46 डॉलरप्रमाणे 184 डॉलर पाण्यात. तुम्ही ट्रान्सक्रिप्टच्या, म्हणजे गुणपत्रिकांच्या खिडकीत बसून जन्म काढलेला. म्हणालात, "एफ हिशेबात घुसतो. डब्ल्यू नुसता कागदावर राहतो." पण तो फुकट नसतो हेही तेव्हाच बजावलंत. घेतलेल्या युनिटांपैकी निम्म्यावर डब्ल्यू आले तर वेगळं प्रोबेशन लागतं, आणि एका विषयाला साधारण तीनच संधी, त्यात डब्ल्यूचीही एक धरतात. पास-नो पासचा, म्हणजे अक्षरी ग्रेडऐवजी नुसतं पास किंवा नापास लावून घ्यायचा पर्याय मीच काढला होता. तो जीपीएत धरत नाहीत हे खरं, पण पास व्हायलाही निदान सी लागतो, आणि पुढे बिझनेसला जायचं तर अकाउंटिंगला अक्षरी ग्रेडच हवी, म्हणून तुम्ही तो तिथेच खोडलात.

सत्राचा पाऊण भाग संपेपर्यंतच विषय सोडता येतो. मुदतीला चार दिवस उरले होते. तुमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावरच मी लॅपटॉप उघडला. बटण दाबताना रडू आलं. तुम्ही काही बोलला नाहीत, फक्त पाठीवर हात ठेवलात.

काकू, तुम्ही "होईल गं सगळं नीट" म्हणून धीर दिला असतात तर मी त्या डीच्या मागे फरफटत गेले असते, आणि बाकीचे दोन विषयही हातचे घालवले असते. तुम्ही मला भागाकार करायला लावलात. दुसऱ्या कुणी इतक्या मायेने माझ्यासमोर एवढा कडू आकडा ठेवला असता असं मला वाटत नाही.

पुढच्या सत्रात अकाउंटिंग पुन्हा घेतलं. गृहपाठ एकही चुकवला नाही. प्राध्यापकांच्या ऑफिस अवर्सना, म्हणजे शंका विचारायच्या वेळेला, दर मंगळवारी जाऊन बसायचे, आधी लाज वाटायची, मग प्रश्नच संपेनात. बी आला. पाकिटावर तो मी स्वतः मांडला: 32 भागिले 12, 2.67.

या मे महिन्यात 60 युनिट पूर्ण झाले. स्टेट युनिव्हर्सिटीत प्रवेशही मिळाला.

छापील ट्रान्सक्रिप्ट परवाच पोस्टाने आलं. पहिल्या सत्राखाली अकाउंटिंगसमोर डब्ल्यू आहे, दुसऱ्याखाली बी. शनिवारी घेऊन येते. शिरा मीच करून आणेन, तुम्ही फक्त चष्मा हाताशी ठेवा.

तुमची,
खालच्या मजल्यावरची लेक