पोर्ट टॅलबटहून बाबांना पत्र

पोर्ट टॅलबट, वेल्स
ऑक्टोबर २०२५

ती. बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

गेल्या रविवारी फोनवर तुम्ही विचारलेत, "टाटांनी तिथे एवढ्या लोकांना घरी बसवले, हे खरे का?" आणि मी "खरे आहे" एवढेच म्हणून विषय बदलला. ज्यांनी तीस वर्षे चंद्रपूरच्या ऊर्जानगरात, कोळशाच्या वीज केंद्रात, बॉयलरच्या धगीजवळ काढली, त्यांना असे तुटक उत्तर देणे बरे नव्हते. आज सुट्टी आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

गाव तुम्ही पाहिलेच आहे. एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला समुद्र आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीत घरे, हमरस्ता आणि पोलादाचा कारखाना. आमच्या खिडकीच्या कठड्यावरून बोट फिरवून तुम्ही म्हणाला होतात, "आपल्याकडे काळी बसते, इथे तांबडी." ती तांबडी धूळ लोहखनिजाची. आजचा मोठा कारखाना १९५१ साली सुरू झाला आणि साठच्या दशकात तिथे सुमारे १८,००० माणसे कामाला होती. गेल्या वर्षीपर्यंत ती जेमतेम ४,००० उरली होती, तरीही मी ज्या घरांत रुग्णांची मलमपट्टी करायला जाते, त्यांतल्या बहुतेक घरांत कोणाचे तरी वडील, भाऊ किंवा मुलगा तिथे असायचाच.

टाटा स्टीलने २००७ साली कोरस ही कंपनी विकत घेतली, तेव्हा हा कारखाना तिच्याकडे आला. १९ जानेवारी २०२४ रोजी कंपनीने जाहीर केले की खनिजापासून लोखंड वितळवणाऱ्या दोन्ही झोतभट्ट्या, ज्यांना तुम्ही ब्लास्ट फर्नेस म्हणता, बंद होतील आणि ब्रिटनभरात २,८०० पर्यंत नोकऱ्या जातील. त्यांतल्या बहुतांश याच गावच्या. मार्चमध्ये कोळशाचा कोक करणाऱ्या भट्ट्या थांबल्या, जुलैत पाच नंबरची झोतभट्टी आणि ३० सप्टेंबरला चार नंबरची. योगायोग असा की त्याच दिवशी ब्रिटनमधले कोळशावर चालणारे शेवटचे वीज केंद्र, रॅटक्लिफचे, कायमचे बंद झाले. त्या रात्री तुमची फार आठवण आली.

आमच्या शेजारचे गृहस्थ चार नंबरवर होते. ते सांगतात की झोतभट्टी दुकानासारखी संध्याकाळी बंद करून सकाळी उघडता येत नाही; ती वर्षानुवर्षे अहोरात्र पेटती ठेवावी लागते आणि एकदा थंड पडून आतला रस गोठला की तिला पुन्हा जिवंत करणे जवळपास अशक्य असते. तुम्हाला हे वेगळे सांगायला नको. २००१ साली पाच नंबरच्या भट्टीत स्फोट होऊन तीन कामगार गेले, ती भट्टी नव्याने उभारली गेली, आणि माणसे पुन्हा तिच्यासमोर जाऊन उभी राहिली. त्या कामाविषयी त्यांच्या मनात जे आहे, त्याला केवळ पगाराची ओढ म्हणणे अन्यायाचे होईल.

चार नंबर विझली त्या महिन्यात एका संध्याकाळी कुंपणापाशी उभे राहून शेजाऱ्यांनी मला विचारले, "तुमच्या देशात याच कंपनीने याच महिन्यात नवी झोतभट्टी पेटवली, ती कशी चालते?" त्यांचे म्हणणे चूक नव्हते. ओडिशातल्या कलिंगनगरला सप्टेंबर २०२४ मध्येच देशातली सर्वांत मोठी भट्टी सुरू झाली. मी म्हणाले की भारतात पूल, रेल्वे आणि घरे अजून बांधायची आहेत, पोलादाची मागणी वाढते आहे. त्यांनी मान डोलावली. पण आभाळ दोन्हीकडचे एकच आहे, हेही मला ठाऊक होते, आणि त्यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते.

कंपनीची बाजूही तुम्हाला सांगायला हवी. तिच्या म्हणण्याप्रमाणे इथे रोज सुमारे दहा लाख पौंडांचा तोटा होत होता आणि भट्ट्यांचे आयुष्य संपत आले होते. झोतभट्टीत खनिजातला प्राणवायू काढून घ्यायला कार्बनच लागतो, म्हणून एक टन पोलादामागे सुमारे दोन टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. संपूर्ण ब्रिटनमध्ये एका ठिकाणाहून सर्वांत जास्त उत्सर्जन याच कारखान्याचे होते. आता येणारी विद्युत भट्टी भंगार वितळवून पोलाद करील आणि वर्षाला सुमारे ५० लाख टन उत्सर्जन वाचेल, असे सांगतात. ब्रिटनमध्ये वर्षाला एक कोटी टनांच्या आसपास भंगार निघते आणि त्यातले बहुतेक परदेशी जाते, तेव्हा ते इथेच वापरणे शहाणपणाचे आहे. दम्याच्या रुग्णांची छाती रोज तपासणारी मी, कोळसा कायम राहावा असे म्हणूच शकत नाही.

माझे दुखणे आहे ते क्रमाविषयी. कम्युनिटी आणि जीएमबी या कामगार संघटनांनी तज्ज्ञांकडून आराखडा करून घेतला होता, की नवी भट्टी उभी राहीपर्यंत चार नंबर चालू ठेवावी. खर्च परवडणार नाही, असे म्हणून कंपनीने तो नाकारला. जुनी भट्टी सप्टेंबर २०२४ मध्ये विझली, नव्या भट्टीचे बांधकाम यंदा जुलैत सुरू झाले आणि तिच्यातून पोलाद निघायला २०२७ ची अखेर किंवा २०२८ ची सुरुवात उजाडेल. मधल्या तीन वर्षांत माणसांनी काय करावे? सध्या भारतातून आणि नेदरलँड्समधून पोलादाच्या लाद्या जहाजाने येतात आणि इथे फक्त लाटल्या जातात. त्या लाद्यांचा धूर इथल्या हिशेबात धरला जात नाही, इतकेच. शिवाय नवी भट्टी आली तरी तिला झोतभट्टीइतकी माणसे लागणारच नाहीत.

सरकारने मनावर घेतले तर काय होऊ शकते, तेही आम्ही पाहिले. यंदा १२ एप्रिलला, शनिवार असूनही, संसद भरली आणि इंग्लंडमधल्या स्कनथॉर्पच्या चिनी मालकीच्या पोलाद कारखान्यातल्या भट्ट्या विझू नयेत म्हणून एका दिवसात कायदा झाला. त्या दिवशी माझ्या एका वृद्ध रुग्णाने दूरदर्शन संच बंद करायला सांगितला. "आमच्या वेळी शनिवार नव्हता," एवढेच ते म्हणाले.

पैसा दिला नाही असे मात्र नाही. सव्वाशे कोटी पौंडांच्या प्रकल्पात सरकारचे ५० कोटी आहेत, गावासाठी दहा कोटींचा वेगळा निधी आहे, आणि स्वेच्छेने जाणाऱ्यांना दर वर्षाच्या सेवेमागे २.८ आठवड्यांचा पगार, कमाल पंचवीस वर्षांपर्यंत, असा करार झाला. शेजाऱ्यांनी तो घेतला आणि बावन्नाव्या वर्षी अवजड वाहनांचा परवाना काढला. आता ते आठवड्यातले चार दिवस घराबाहेर झोपतात. समुद्रात तरंगत्या पवनचक्क्या येतील, बंदरात कामे निघतील, असे सांगतात. आजच्या घडीला त्या कामावर जाणारा कोणी माझ्या ओळखीत नाही. आणि कारखान्यात कंत्राटावर जाणारे, त्यांचे कपडे धुणारे, त्यांना न्याहारी विकणारे, हे २,८०० मध्ये कुठेच मोजलेले नाहीत.

हे लिहिताना मला आपल्या इथले आठवले. चंद्रपूरचे २१० मेगावॉटचे दोन जुने संच कायमचे थांबले, तेव्हा ५०० मेगावॉटचे संच शेजारीच चालू होते आणि तुम्ही डबा घेऊन त्याच फाटकातून दुसऱ्या संचावर गेलात. नवे आधी चालू असल्याने आपल्या घरची चूल अडली नाही. राख वाहून नेणारे कंत्राटी लोक तेव्हा कुठे गेले, हे मात्र मी तुम्हाला कधी विचारले नाही. आता विचारते, कारण उरलेले २,९२० मेगावॉटही एक दिवस थांबतील आणि दुर्गापूर, पद्मापूरच्या खाणीही. तो दिवस दूर असेल, पण दादाच्या मुलाच्या नोकरीच्या वयात तो येऊ शकतो.

तो आयटीआयला फिटर घेऊ की इलेक्ट्रिशियन, असे विचारत होता. दोन्ही चांगले आहेत, पण इलेक्ट्रिशियन घे म्हणावे; कोळसा गेला तरी ते काम राहील. आणि तुमच्या युनियनचे जुने सोबती संध्याकाळी भेटतात, त्यांना हे पत्र वाचून दाखवा. बंद करण्याची तारीख कळवण्याआधी पुढच्या कामाची तारीख लेखी मागायची, आणि कंत्राटी लोकांची नावे पहिल्या यादीतच घालून घ्यायची, एवढे त्यांनी आत्तापासून धरून ठेवावे, असे मला फार वाटते. ते काय म्हणाले, ते मला रविवारी सांगा.

आईस सा. नमस्कार.

तुमची,
धाकटी