चित्राची पाठ आधी पाहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रेवसपासून रेडीपर्यंत निवास-न्याहरीच्या जोडीला पडवीत दहा-बारा चित्रे लावून 'आर्ट गॅलरी'ची पाटी ठोकणारी घरे ठिकठिकाणी दिसू लागली आहेत. उत्तम आहे. घरातूनच कला दाखवण्याची रीत कोकणाला नवी नाही. सासवण्यात शिल्पकार विनायक करमरकरांची शिल्पे त्यांच्या घरीच पाहायला मिळतात. पिंगुळीत परशुराम गंगावणे यांच्या कुटुंबाने कळसूत्री बाहुल्या आणि चित्रकथीचे (चित्रांची पाने दाखवत कथा सांगण्याच्या कलेचे) संग्रहालय उभे केले आहे. सावंतवाडीच्या राजवाड्यात गंजिफा, म्हणजे खेळायचे गोल पत्ते, रंगवणारे कारागीर समोर बसलेले दिसतात. पण नव्या गॅलऱ्यांना मिळणारा सल्ला पाटी, दिवे आणि मोबाइलवरची जाहिरात यांच्यापुढे जात नाही. इथल्या घरगुती गॅलरीची पत जाते ती विकलेले चित्र पुण्या-मुंबईहून ठिपके पडून परत आले की. त्याबद्दल थोडे सविस्तर लिहितो.

हवेतली सापेक्ष आर्द्रता 65-70 टक्क्यांच्या वर टिकून राहिली की कागदाला बुरशी धरते. जून ते सप्टेंबर किनाऱ्यावर ती 80च्या खाली क्वचित उतरते. म्हणून पाटीच्या आधी आर्द्रतामापक घ्यावा. स्वस्तातला डिजिटल चालतो, फक्त तो खरे बोलतो का ते घरच्या मिठाने तपासावे. बाटलीच्या झाकणात चमचाभर मीठ घेऊन त्यावर थेंब थेंब पाणी सोडायचे. मीठ ओल्या वाळूसारखे व्हावे, विरघळू नये. झाकण आणि मापक झिपच्या एकाच पिशवीत बारा तास बंद ठेवले की आकडा 75 यायला हवा. 70 आला तर पुढे प्रत्येक आकड्यात पाच मिळवायचे.

आता फ्रेम. आपल्याकडचा फ्रेमवाला देवादिकांच्या तसबिरी ज्या हाताने करतो, त्याच हाताने जलरंगाचे चित्रही करतो. काच, तिला लागून चित्र, मागे हार्डबोर्ड, चारी कडांना सेलोटेप आणि वर लोखंडी चुका. (चुका दोन्ही अर्थांनी.) पावसाळ्यात यातली एकेक गोष्ट अंगाशी येते. काचेला आतून ओल धरली की पोस्टर कलर तिला चिकटतो आणि काच काढताना रंगाचा पापुद्रा सोबत येतो. दमट हवेत कागद फुगतो. चारी बाजूंनी जखडलेला असला की त्याला पसरायला जागा नसते, मग लाटा पडतात. हार्डबोर्डमधले आम्ल कागदात उतरून तपकिरी छटा येते. सेलोटेपचा गोंद काही वर्षांत पिवळा होऊन कागदात मुरतो, तो डाग मग निघत नाही. खाऱ्या हवेने चुका गंजतात आणि गंज ओघळतो.

उपाय महाग नाही, वेळखाऊ आहे. काच आणि कागद यांच्यामध्ये आम्लरहित माउंट बोर्ड, म्हणजे मधोमध खिडकी कापलेला जाड पुठ्ठा, घालावा, निदान दोन मिलिमीटर फट राहील असा. चित्र फक्त वरच्या कडेला दोन कागदी बिजागऱ्यांवर टांगावे. बिजागऱ्या पातळ जपानी कागदाच्या, खळ गव्हाच्या सत्त्वाची. एक भाग सत्त्व आणि पाच भाग पाणी मंद आचेवर अर्धा तास, पारदर्शक होईपर्यंत ढवळत राहायचे आणि गार झाल्यावर गाळून घ्यायचे. फ्रिजमध्येही तीन-चार दिवसांपलीकडे ही खळ ठेवू नये. पुस्तके बांधणारे कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालतात. चित्राच्या खळीत तो नको, कारण तांब्याचा अंश कागदाला ठिसूळ करतो. कसरीला खळ आवडते हे खरे, म्हणून ती नखाएवढ्या जागेपुरतीच लावायची.

यानंतर काच, माउंट, चित्र आणि मागचा बोर्ड असा गठ्ठा कडेने टेपने सील करून चौकटीत बसवायचा. हे काम कोणत्या महिन्यात करता त्यावर सगळे अवलंबून आहे. कागद आणि बोर्ड स्वतःच पाणी धरून असतात. जुलैत सील केलेल्या फ्रेममध्ये जुलैची ओल कोंडली जाते आणि बुरशी काचेआड निवांत वाढते. जानेवारीत सील केलेली फ्रेम बरीच तग धरते. टांगताना खालच्या दोन कोपऱ्यांना कॉर्कचे तुकडे लावावेत, म्हणजे मागून हवा खेळते. पश्चिमेची आणि नैर्ऋत्येची भिंत पाऊस झोडपतो आणि जांभा तो पितो. ती भिंत जूनपासून मोकळी ठेवावी. ओकीबोकी वाटली तर तिथे मातीची भांडी मांडावीत.

एसीबद्दल मोठा गैरसमज आहे. पर्यटक आले की चालू, गेले की बंद, यापेक्षा तो नसलेला बरा. पावसाळ्यात इथल्या हवेचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतली वाफ पाणी होऊन सुटते तो आकडा, 25 अंशांच्या आसपास असतो. खोली 22 अंशांवर थंड केली आणि मग दार उघडले की बाहेरच्या हवेतले पाणी काचेवर, भिंतीवर आणि चित्राच्या पाठीवर सुटते. आर्द्रता शोषणारे यंत्र चांगले, पण कौलांच्या फटींतून हवा येत असेल तर ते अरबी समुद्र उपसायला बसवल्यासारखे होते. छताखाली बंद सिलिंग असेल तरच त्याचा खर्च करावा. नाहीतर हंगाम संपला की चित्रे उतरवून माजघरातल्या लोखंडी कपाटात ठेवावीत. कपाटात दोन किलो सिलिका जेल सुती पुरचुंड्यांत वाटून ठेवावे. एक किलो जेल फार तर 300 ग्रॅमच्या आसपास पाणी धरते, त्यामुळे रंग बदलला की ते 120 अंशांवर दोन-तीन तास तापवून पुन्हा कोरडे करावे लागते. कपाटाच्या दाराला रबरी पट्टी नसेल तर हा सगळा खटाटोप चार दिवसांत वाया जातो. डांबरगोळ्या किडीला पळवतात, बुरशीला त्यांचे काही वाटत नाही.

बुरशी दिसलीच तर ओल्या फडक्याने पुसू नये, ती कागदात भरडली जाते. चित्र वेगळे काढून सावलीत पंख्याखाली पूर्ण सुकवावे, मग मास्क लावून घराबाहेर मऊ ब्रशने झाडावे. पापडासारखे उन्हात घालू नये. बुरशी जाईल, पण रंगही जाईल.

विक्रीत मोठ्या फ्रेमांचा सोस नको. रेल्वेने परतणारा माणूस काचेची फ्रेम नेत नाही. माउंट लावलेले छोटे चित्र पॉलिप्रॉपिलीनच्या पाकिटात घालून दिले तर नेतो. पीव्हीसीचे पाकीट वापरू नये, ते रंगाला चिकटते. अॅक्रिलिकच्या चित्राला बबल रॅप टेकू देऊ नये, उकाड्यात बुडबुड्यांची नक्षी रंगावर उठते. आधी बेकिंगचा कागद, मग बबल रॅप. कॅनव्हास गुंडाळताना रंगाची बाजू बाहेर ठेवावी, आत ठेवली तर रंग दाबला जाऊन तडकतो. गुंडाळी 110 मिलिमीटरच्या प्लंबिंगच्या पाइपवर करावी, याहून बारीक नको.

चित्रकाराकडून विक्रीसाठी ठेवलेल्या चित्राची पावती दोन प्रतींत हवी: माप, माध्यम, किंमत, चित्रकाराचा वाटा, परत द्यायची तारीख आणि नुकसान झाले तर ते कोणी सोसायचे. भावकीतला चित्रकार असेल तर नक्कीच. डिजिटल प्रिंट हाताचे काम म्हणून विकणे हा सरळ खोटेपणा आहे. दहापट भिंगातून ठिपके दिसतात आणि जाणकार गिऱ्हाईक भिंग खिशात घेऊन येते. दशावतारी गंजिफा घेताना 120 पाने मोजून घ्यावीत, दहा अवतारांची बारा-बारा. जुनी चित्रकथीची पाने कोणी विकायला आणली तर जपून. शंभर वर्षांवरची चित्रे 1972च्या कायद्याने पुरावस्तू ठरतात. त्यांच्या विक्रीच्या व्यवसायाला परवाना लागतो आणि पर्यटकाला ती परदेशी नेता येत नाहीत.

जाता जाता वादळ आणि पूर. 3 जून 2020च्या निसर्ग वादळात रायगडात छपरे उडाली, 22 जुलै 2021ला चिपळुणात पाणी घराघरांत शिरले. दोन्हींचे उपाय उलटे आहेत. पुराच्या इशाऱ्याला चित्रे माळ्यावर जायला हवीत आणि वादळाच्या इशाऱ्याला माळ्यावरून खाली, माजघरात पलंगाखाली. कोणते चित्र कुठे जाणार याची यादी मे महिन्यातच भिंतीवर चिकटवून ठेवावी.

पर्यटनाचे प्रशिक्षण देणाऱ्यांना एकच विनंती. चिपळूणजवळच्या सावर्ड्याच्या कला महाविद्यालयासारखी जागा कोकणातच आहे, तिथे दोन दिवसांचे शिबिर घ्यावे, आणि ते चित्रकारांसाठी नको, तालुक्यातल्या फ्रेमवाल्यांसाठी हवे. संक्रांतीच्या आसपास घ्यावे. शिमगा सरला की वाऱ्यात ओल यायला लागते, आणि मग सील करायला कोरडा दिवस मिळत नाही.

— गॅलरी चालवणारे एक कुटुंब, वेंगुर्ले