मॉरिगनवर विश्वास ठेवू का, म्हणतेस

प्रिय मेधा,

तुझं पत्र म्हणजे पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत नुसता संताप. 'ड्रॅगन एज: ओरिजिन्स'मधल्या रेडक्लिफच्या किल्ल्यात, शेवटच्या लढाईच्या आदल्या रात्री, तुझ्या तुकडीतली जादूगारीण मॉरिगन तुझ्या खोलीत शेकोटीपाशी उभी होती, म्हणायचं ते म्हणाली (तुझ्या अलिस्टरपासून मला मूल होऊ दे, म्हणजे उद्या ज्या राक्षसाला, आर्चडीमनला, मारायचंय त्याचा आत्मा त्या मुलात जाईल आणि मारणारा जगेल), आणि तू गेम तिथेच थांबवून मला लिहायला बसलीस. "ही बाई पहिल्यापासून डाव मनात धरून आली होती. हिच्यावर विश्वास ठेवायचा कसा?" म्हटलं, लगेच उत्तर पाठवावं. तिला इतकं ताटकळत ठेवणं बरं नाही.

पुढचं काही फोडणार नाही, शपथ. तुझ्यासमोर जे घडून गेलंय त्याबद्दलच बोलते.

डाव होता, हे खरंच. ते तर तिने स्वतःच्या तोंडाने सांगितलं. ओस्टागारच्या कत्तलीतून तुला आणि तुझ्या साथीदाराला, अलिस्टरला, तिच्या आईने, फ्लेमेथ या चेटकिणीने, वाचवलं आणि मुलीला तुमच्याबरोबर धाडलं, ते याच रात्रीसाठी. त्या झोपडीबाहेर "हिलाही घेऊन जा" म्हटल्यावर मॉरिगन कशी फणकारली होती, आठवतं ना? ती चीड खरी होती की त्यातही नाटक होतं, हे मला आजही ठरवता येत नाही. डेव्हिड गेडरने हे पात्र लिहिलंय, आणि त्याने ती गाठ मुद्दाम सोडवलेली नाही असं मला वाटतं. २००९ सालचा गेम. त्यातले चेहरे आता मेणाच्या पुतळ्यांसारखे दिसतात. पण क्लॉडिया ब्लॅकचा तो आवाज! सावकाश, खालच्या पट्टीतला, समोरच्याला किंचित कमी लेखणारा. सगळी मॉरिगन त्या आवाजात आहे.

तर विश्वासाचं. तुला एक विचारते. तुला ग्रे वॉर्डनांत, म्हणजे डार्कस्पॉन राक्षसांशी लढणाऱ्या पंथात, आणणाऱ्या डंकनवर तुझा विश्वास आहे ना? तुझी वॉर्डन, म्हणजे तू खेळतेस ते पात्र, कूसलँड घराण्यातली. सरदार हाऊने रातोरात घात केला, तुझे वडील कोठीघरात रक्ताच्या थारोळ्यात पडले होते, आणि डंकनने तुला बाहेर काढायचं कबूल केलं. पण त्याआधी त्याने काय केलं? मरणाऱ्या बापाकडून शब्द घेतला की मुलगी ग्रे वॉर्डन होईल. मी रिकाम्या हाताने परत जाणार नाही, असंच सांगितलं त्याने, अर्थात अतिशय अदबीने. मग ओस्टागारला जॉइनिंगचा, म्हणजे वॉर्डन होण्याच्या विधीचा, पेला. त्यात डार्कस्पॉनचं रक्त आहे आणि ते पिऊन माणूस मरू शकतो, हे पेला समोर येईपर्यंत सांगितलं नाही. सोबतचा नवखा डेव्हेथ पिऊन मेला. जोरीची बायको गरोदर होती, तो मागे सरला, तर डंकनने त्याला तिथेच भोसकलं. तू वाचलीस. मग कधीतरी कॅम्पमध्ये अलिस्टरने ओशाळं हसत सांगितलं की वॉर्डन झाल्यावर हातात साधारण तीस वर्षं उरतात. आणि आज, अगदी शेवटच्या रात्री, जुना वॉर्डन रिऑर्डन सांगतो की आर्चडीमनला जो वॉर्डन मारेल तो स्वतःही जगत नाही, कारण त्या राक्षसाचा आत्मा त्याच्यातच शिरतो.

हे सगळं तू गिळलंस. तुझ्या पत्रात डंकनबद्दल "बिचारा" असा शब्द आहे. अलिस्टरने आपण राजा मॅरिकचा अनौरस मुलगा असल्याचं रेडक्लिफच्या वेशीवर येईपर्यंत लपवलं, तर ते तुला गोड वाटलं. मॉरिगनने मात्र एक गोष्ट पोटात ठेवली आणि ती विश्वासघातकी! माझं म्हणणं एवढंच आहे की या गोष्टीत तुझ्यापासून काही न लपवलेलं माणूस शोधायला गेलीस तर बहुधा तुझा कुत्राच सापडेल. फरक आहे तो लपवण्याच्या रीतीत. बाकीचे लपवतात तेव्हा चेहऱ्यावर कर्तव्य असतं, दुःख असतं. मॉरिगनला तसा चेहरा करता येत नाही, आणि यायला हवा असंही तिला वाटत नाही.

आता तुझी दुसरी तक्रार, की कोणाचं भलं करायला गेलं की मॉरिगनची मर्जी (ती तुझ्यावर किती खूश आहे त्याचा गेममधला आकडा) खाली घसरते. हो, घसरते. रेडक्लिफच्या गावकऱ्यांना मदत करायचं ठरवलं की ती नाक मुरडते. मनोऱ्यात अडकलेले सर्कलचे, म्हणजे मांत्रिकांना कोंडून ठेवणाऱ्या संस्थेतले, मांत्रिक मरत असतात, तर म्हणते मरू देत. पहारेकरी टेम्प्लर सैनिकांच्या दावणीला आपणहून उभे राहिले होते ना? यातलं पहिलं निदान हिशेबाने समजू शकतं. ब्लाइट, म्हणजे डार्कस्पॉनांची लाट, येतोय, सैन्य नाही, वॉर्डन दोनच उरलेत आणि ते एका खेड्यासाठी रात्रभर प्रेतांशी झुंजणार. दुसऱ्यात मात्र हिशेब नाही, तिथे जळफळाट आहे. ती स्वतः मांत्रिक, चँट्री या धर्मसंस्थेच्या कायद्याने फरार, पकडली तर त्याच मनोऱ्यात जायची किंवा मरायची. जे आपण जिवावर उदार होऊन टाळलं ते या लोकांनी मान खाली घालून पत्करलं, हे तिला सहन होत नाही. मला ते क्रूर वाटतं. पण ते कुठून येतं ते कळतं.

आणि मर्जीवरून आठवलं. तू लिहिलंयस, "मग मी युक्ती शोधली. चांगली कामं करायची असली की मॉरिगनला कॅम्पवर ठेवायचं." सगळेच ठेवतात गं. जे बरोबर असतात त्यांचीच मर्जी हलते, हे एकदा लक्षात आलं की चौघांची तुकडी आपण त्या हिशेबाने निवडतो. धर्माचं काम असेल तेव्हा विन आणि लेलियाना, मॉरिगन तंबूत. परत आल्यावर दागिना द्यायचा, मर्जी वर. दागिने तिला आवडतातच, आणि दर भेटीमागे भाव थोडा उतरतो म्हणून आपण त्यातही जपून खर्च करतो. आता तूच सांग, या व्यवहारात डाव कोण टाकत होतं?

याहून मोठी गोष्ट तर तू पत्रात कंसात, जाता जाता लिहिलीस. मॉरिगनने तुला आईला मारायला पाठवलं होतं. फ्लेमेथ मुलींची शरीरं एकामागून एक बळकावून जगत आलीय आणि आता पाळी आपली आहे, असं तिला आईची म्हणून हाती आलेल्या एका जादूच्या पोथीतून कळलं होतं. तू गेलीस, फ्लेमेथशी बोललीस, खरी पोथी तिच्याकडून घेतलीस, तिला जिवंत सोडलंस, आणि परत येऊन मॉरिगनला सांगितलंस की तुझी आई मेली. तिने विश्वास ठेवला. जिच्या भीतीने तिची झोप उडाली होती ती बाई कुठेतरी मोकळी फिरतेय, हे तुला माहीत आहे आणि तिला नाही. आणि तू मला विचारतेस, तिच्यावर विश्वास कसा ठेवू!

रागावू नकोस. मी हे तुला चिडवायला लिहीत नाही (थोडंसं लिहितेय). मला हा गेम याच कारणासाठी आवडतो. एखादं पात्र संशयास्पद करायचं तर त्याला काळे कपडे घालतात आणि कुजबुजायला लावतात. इथे तेही केलंय, पण सोबत आपल्यालाच हळूहळू तिच्या पंगतीला बसवलंय, आणि तेही प्रत्येक वेळी आपण "चांगलं" म्हणून काहीतरी करत असताना.

आरसा तू तिला दिलास का? पत्रात उल्लेख नाही. लहानपणी तिने एका श्रीमंत बाईच्या गाडीतून सोनेरी हातआरसा चोरला होता. जंगलात वाढलेली पोर, आयुष्यात पहिल्यांदा इतकं सुंदर काही हातात आलेलं. फ्लेमेथने तो जमिनीवर आपटून फोडला, मोह किती महाग पडतो ते शिकवायला. ओरझम्मारमध्ये गॅरिनच्या दुकानात तसाच एक मिळतो. तो दिलास तर कधी नव्हे ती ती गडबडते. आजवर मिळालेल्या प्रत्येक भेटीमागे काही ना काही किंमत होती, असं म्हणते, आणि तू बदल्यात काय मागणार याची वाट पाहते. हीच ती मुलगी जिला आईने टेम्प्लरांना जंगलात ओढून आणायला आमिष म्हणून वापरलं, आणि ज्याला त्या दोघी खेळ म्हणायच्या. माणसं भेटल्यावर एकमेकांना सारखा स्पर्श का करतात, हे तिला बाहेर आल्यावर कळेना. अशा मुलीने आज रात्री तुझ्याकडे येऊन सौदाच मांडावा, यात मला नवल वाटत नाही. घेणं आणि देणं तिला तेवढ्याच एका रीतीने येतं.

पण एकदा, एकदाच, तिने त्या रीतीबाहेर पाऊल टाकलं होतं. तुझ्या वॉर्डनशी मैत्री पुरती जमल्यावर ती म्हणाली होती की मी तुझ्या मैत्रीला नेहमीच लायक ठरेन असं नाही, पण तिची किंमत मला कायम राहील. तू मागे लिहिलं होतंस की हे ऐकून तुला भरून आलं. आता ते वाक्य परत ऐक. आज रात्री काय करायचं आहे हे ठाऊक असून ती ते बोलली होती. तिच्यापुरती ती ताकीद होती. आपण ती प्रेमाची कबुली म्हणून घेतली. बहुधा ती दोन्ही असेल.

इथवर मी तिची वकिली केली. आता जिथे माझी वकिली संपते ते सांगते.

सौद्यात तुझा जीव आहे, अलिस्टरचा आहे, तिचा स्वार्थ आहे. हे सगळे मोठे लोक, आपापलं बघून घेतील. पण आर्चडीमनचा आत्मा ज्याच्यात जाणार ते मूल अजून नाहीच. त्याला कोणी विचारलेलं नाही. आर्चडीमन मुळात एक प्राचीन देव, त्याचा आत्मा घेऊन ते जन्माला येईल, आणि मॉरिगन त्याचं काय करणार ते सांगत नाही. फक्त म्हणते, मूल माझ्याजवळ राहील, तुम्ही माझ्या मागे यायचं नाही. आईच्या हातातलं हत्यार म्हणून वाढलेली मुलगी स्वतः आई व्हायला निघालीय, तेही अशा हेतूने. ती फ्लेमेथ होईल की फ्लेमेथने जे कधी दिलं नाही ते देईल, हे त्या खोलीत उभं राहून तुला कळणार नाही. डंकनशी केलेली माझी तुलना इथे लंगडी पडते. डंकनने ज्यांना पेला दिला त्यांना निदान मागे सरता येत होतं, भले त्याची शिक्षा मरण का असेना.

आणि मग अलिस्टर. तुझी वॉर्डन बाई असल्याने हे पुरुष वॉर्डनपेक्षा तुला जड जाणार. मूल वॉर्डनपासूनच हवं, आणि जो वॉर्डन होऊ शकला असता त्या लोघेनचा तू सरदारांच्या सभेत, लँड्समीटमध्येच, निकाल लावलास, म्हणजे उरला एकटा अलिस्टरच. उद्या राजा होणारा, तुझ्याशी लग्न ठरलेला, आणि मॉरिगनशी पहिल्या दिवसापासून वाकडं असलेला. सिनिअर वॉर्डन असून नवख्या मुलीच्या मागे कसा चालतोस, म्हणून तिने त्याला किती टोचलं होतं! त्याच्या खोलीत जाऊन आता तुलाच त्याला सांगावं लागेल. मॉरिगन त्याच्याकडे जात नाही, ते काम ती तुझ्यावर सोपवते. तो आधी तुला थट्टा वाटेल असं काहीतरी बोलेल. मग तुझ्याकडे बघेल. तुझं त्याच्याशी जेवढं जुळलंय त्यावरून वाटतं, तो तयार होईल. स्वतःचा जीव वाचतो म्हणून नाही, तू मागतेस म्हणून. मला विचारशील तर त्या रात्रीतला सगळ्यात वाईट संवाद तो आहे, मॉरिगनचा नव्हे.

तुझ्या जागी मी हो म्हणेन. अलिस्टर मरावा किंवा मी मरावं, यापेक्षा एक न जन्मलेलं मूल तिच्या हवाली करणं मला कमी वाईट वाटतं, आणि तिच्यात आरशासाठी गडबडणारं जे काही आहे त्यावर मी पैज लावेन. पण हो म्हटल्यावर राज्यासाठी, प्रजेसाठी केलं असली भाषा नको. जगायचं होतं म्हणून केलं, एवढं बास. आणि नाही म्हणालीस तरी तिला दुष्ट ठरवून नाही म्हणू नकोस. नाही म्हटलंस तर ती निघून जाईल, उद्याच्या लढाईत तिची जादू नसेल, हे मात्र धरून चाल.

सेव्ह वेगळ्या जागी करून ठेव. ही निवड या गेमपुरती राहत नाही. २०१४ च्या 'इन्क्विझिशन'पर्यंत तिचे पडसाद जातात, आणि मॉरिगनही जाते. त्याआधी २०१० मध्ये 'विच हंट' नावाचा छोटा भाग आला होता, तो हा संपल्याशिवाय उघडू नकोस. हां, आणखी एक. लेलियाना तिला गडद लाल मखमलीचा, सोनेरी भरतकामाचा झगा घालायच्या गोष्टी करते, ती त्यांची बाचाबाची ऐकलीस का? नसेल तर जुन्या सेव्हवर जाऊन दोघींना बरोबर घेऊन जरा फिरवून आण. का ते आत्ता सांगत नाही.

निर्णय झाला की लिही. हो असो की नाही, अलिस्टरच्या खोलीत गेलीस तर तिथे तू कोणकोणते पर्याय निवडलेस आणि तो काय म्हणाला, ते सगळं जसंच्या तसं हवंय मला.

तुझी,
रेवा