मादाम, त्या मेथीच्या वासाबद्दल

आदरणीय मादाम,

तुम्हाला मराठी वाचता येत नाही, तरी हे पत्र मराठीतच लिहितेय. रविवारी फोन करीन तेव्हा फ्रेंचमध्ये वाचून दाखवीनच. पण त्याआधी ते आमच्या निफाड-दिंडोरीकडच्या, वाईनच्या कामात नव्याने आलेल्या मुलामुलींनी वाचावं असं मला वाटतं. तुमचं नाव मुद्दाम लिहीत नाही. तुम्हाला ते आवडायचं नाही.

2019 च्या सप्टेंबरात मी फ्रान्सच्या जुरा भागातल्या आर्बुआ गावी तुमच्याकडे द्राक्षतोडणीला आले, तेव्हा वाईनचं शिक्षण सोडून घरी परतायचं माझ्या मनात जवळजवळ पक्कं झालं होतं. तुम्हाला मी कारण कधी धड सांगितलं नाही. आज सांगते.

फ्रान्समध्ये ज्या वर्गात मी शिकत होते, तिथे उन्हाळ्याआधी जुन्या वाईन चाखून परीक्षण करायची परीक्षा झाली. समोर तीन ग्लास. शेजारची मुलं भराभर लिहीत होती: व्हायोलेटची फुलं, ट्रफल, पावसाने भिजलेल्या जंगलातली पानं. मी व्हायोलेट कधी हुंगलं नव्हतं, ट्रफल बघितलंही नव्हतं. तिसऱ्या ग्लासातली वाईन सोनेरी पिवळी होती. तिच्यात अक्रोडाचा वास होता आणि त्यामागे आणखी एक वास होता, इतका ओळखीचा की अंगावर काटा आला. पण नाव काही सुचेना. शब्दांच्या यादीत ‘करी’ होतं, ते मी सोडून दिलं. आमच्या घरात आमटी असते, रस्सा असतो, कालवण असतं. करीचा वास म्हणजे नक्की कशाचा? शेवटी फ्रान्सच्याच बर्गंडी भागातल्या पांढऱ्या वाईनबद्दल शिकवलेलं आठवलं: रंग गडद झाला, अक्रोडाचा वास आला, म्हणजे हवा लागली. लिहून दिलं, ‘वाईन बिघडली आहे.’ ती जुराची व्हँ झोन होती, म्हणजे पिवळी वाईन, आणि अगदी उत्तम होती. शिकवणारे सगळ्यांसमोर म्हणाले की काही देशांतल्या माणसांना या कामाचं नाक नसतं.

हे मनात घेऊन मी तुमच्या दारात उभी होते.

तुम्ही मला पहिल्या आठवड्यात काहीच चाखायला दिलं नाहीत. तळघरात नेलंत आणि पिंपावर टॉर्च धरलात. इतर वाईनची पिंपं उडालेली वाईन भरून सतत काठोकाठ ठेवतात. व्हँ झोनची मुद्दाम थोडी रिती होऊ देतात. वर राहिलेल्या पोकळीत वाईनवर यीस्टचा पातळ पापुद्रा धरतो. तुम्ही त्याला ‘व्हाल’ म्हणता, ओढणी. मी म्हटलं, आमच्याकडे दुधावर साय धरते तशी आहे ही. तुम्ही लगेच विचारलंत, ‘तुमच्या भाषेत काय म्हणतात?’ आणि मला ‘साय’ तीनदा म्हणायला लावलंत. त्या सायीखाली साव्हान्यँ द्राक्षांची वाईन सहा वर्षं आणि वर तीन महिने पडून राहते. एका लिटरमागे जेमतेम 62 सेंटिलिटर उरते, म्हणून तिची बुटकी, रुंद खांद्यांची बाटलीसुद्धा तेवढीच.

तोडणी संपली त्या संध्याकाळी तुम्ही 1996 ची बाटली काढलीत, माझ्या जन्मसालाची. बूच ओढून ग्लासात दोन बोटं ओतलीत आणि म्हणालात, ‘हुंग. लिहू नकोस.’ पहिल्यांदा हिरव्या सफरचंदाच्या सालीसारखं काहीतरी नाकात चढलं, बाकी बंद. तुम्ही ग्लास बाजूला सरकवून बटाटे सोलायला घेतलेत. उन्हातून आलेल्या माणसाला आमच्याकडे आधी गूळ-पाणी देतात, विचारपूस नंतर. तुम्ही जुन्या बाटलीला तसंच वागवत होतात. तासाभराने अक्रोड आला. जेवताना, कोंते चीजचा तुकडा तोंडात असताना, तो दुसरा वास आला.

‘घरी हा वास कुठे येतो?’ तुम्ही विचारलंत.

मी म्हटलं, ‘बाळंतिणीच्या खोलीत.’

मग सगळं सांगत गेले. वहिनीला आई रोज सकाळी तूप-गुळातला मेथीचा लाडू द्यायची. तो वास तिच्या घामाला यायचा, पांघरुणाला यायचा, बाळाच्या दुपट्यालाही यायचा. तुम्ही मला वर पाठवून माझ्या डब्यातले मेथीदाणे आणायला लावलेत. बिडाच्या तव्यावर ते कोरडे भाजलेत, खलात कुटलेत, रिकाम्या ग्लासात घातलेत. एकदा तो ग्लास, एकदा वाईनचा. किती वेळ तुम्ही बोलला नाहीत! मग फडताळातून दुकानातली करी पावडरची डबी काढून चष्मा लावून घटक वाचलेत. त्यात मेथी होती. ‘म्हणजे चाळीस वर्षं मी करी लिहीत आले,’ तुम्ही म्हणालात, ‘आणि खरं नाव तुझ्या डब्यात होतं.’

त्या वासामागच्या रेणूला सोटोलॉन म्हणतात, मेथीत आणि व्हँ झोनमध्ये तोच असतो, हे मला पुढे पुस्तकात सापडलं. पण तव्यावरचे ते दाणे आधी आले, ते बरं झालं.

त्याच रात्री तुम्ही 1774 च्या वाईनची गोष्ट सांगितलीत. सोळावा लुई गादीवर बसला त्या वर्षीची आर्बुआची ही वाईन. 1994 मध्ये आर्बुआच्या शातो पेकोमध्ये तिची एक बाटली उघडली, 24 जाणकारांनी चाखली आणि 10 पैकी 9.4 गुण दिले. त्यांनी नोंदवलेल्या वासांत अक्रोड, दालचिनी, सुका मेवा होता, आणि करीही. 2018 मध्ये तसलीच एक बाटली लिलावात 1,03,700 युरोंना गेली. किमतीबद्दल तुम्ही काही बोलला नाहीत. तुम्हाला एवढंच सांगायचं होतं की दोनशे वीस वर्षांच्या वाईनमध्येही त्यांना मेथी सापडली होती, फक्त तिचं नाव तिथे कोणाला ठाऊक नव्हतं.

आणि बर्गंडीतल्या बाटलीत जो दोष, तोच इथे गुण कसा, हे मी विचारलं तेव्हा तुम्ही उत्तर न देता माहेरची गोष्ट काढलीत. व्हँ झोनसाठीच नावाजलेल्या तुमच्या शातो-शालों गावात तोडणीआधी समिती मळे फिरून द्राक्षं पाहते. 1974, 1980, 1984 आणि 2001, या चार वर्षी द्राक्षं त्या नावाच्या तोलाची नाहीत असं ठरलं आणि गावाने आपल्या एकाही बाटलीवर गावाचं नाव लावलं नाही. 1980 मध्ये तुमच्या वडिलांचाही मळा त्यात होता. ‘वाईन वाईट नसते,’ ते म्हणायचे, ‘आपण तिला कुठलं नाव देतो ते खरं किंवा खोटं असतं.’ माझी परीक्षेतली चूक मला त्या वाक्यात कळली. मी वाईनला हवा लागल्याचं बरोबर ओळखलं होतं, ती कुठली आहे हे विचारायला विसरले होते.

ती 1996 ची बाटली आपण आठवडाभर पुरवली. रोज सकाळी अंगठ्याएवढी. पाचव्या दिवशी तिच्यात बेदाण्याचा वास आला, आणि मी तो तुमच्यासमोर वहीत मराठीत लिहिला.

आता नाशिकला मी ज्या वाइनरीत काम करते, तिथल्या चव-नोंदीच्या वहीत दोन रकाने आहेत. एक नेहमीच्या शब्दांचा, दुसरा घरच्या. बूच बिघडलेल्या बाटलीला पोरी ‘भिजलेलं गोणपाट’ लिहितात आणि कधी चुकत नाहीत. कोकम, जांभळाची साल, पहिल्या पावसाची माती, सगळं आहे त्यात. नवीन आलेल्या मुलीला मी पहिल्या दिवशी ग्लास देऊन गप्प बसते. तुमच्यासारखे बटाटे सोलायला मला तिथे मिळत नाहीत, पण हाताला काहीतरी काम घेते.

मादाम, 2019 च्या त्या वसंतात कडाक्याने कोंब जळाले होते आणि पीक थोडंच हाती आलं होतं. तरी तुम्ही एका पिंपावर खडूने माझं नाव देवनागरीत लिहायला लावलं होतंत. सहा वर्षं आणि तीन महिने भरले. ती वाईन आता बाटलीत गेली असेल. एक माझ्यासाठी आडवी ठेवा. येताना आईच्या हातचे लाडू आणते. दोन्ही शेजारी ठेवून बघू.

त्या पिंपावरचं खडूचं नाव अजून वाचता येतं का?

तुमची,
निफाडची मुलगी