दमा कोणाच्या घराण्यातून आला हे विचारणं बंद करा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

माझ्या नऊ वर्षांच्या मुलीला ॲलर्जिक दमा आहे असं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा घरात पहिला प्रश्न आला तो औषधाचा नाही, तर "तुमच्या माहेरी कोणाला होता का?" हा. तेव्हा फार लागलं मनाला. मग मी मिळेल तिथून वाचत गेले, म्हणून हे पत्र.

दमा घराण्यात असू शकतो हे खरंय, पण दम्याचा असा एकच जीन (जनुक) नाहीये. २००७ साली सतराव्या क्रोमोझोमवर (गुणसूत्रावर) ओआरएमडीएल३ या जीनजवळचे बदल लहानपणच्या दम्याशी जोडलेले सापडले, पाचव्यावर आयएल-४, आयएल-१३ आहेत, शिवाय टीएसएलपी, आयएल-३३ (पेशी एकमेकींना ज्या रसायनांतून निरोप पाठवतात त्यांचे हे जीन) असे कितीतरी, आणि प्रत्येकाचा वाटा थोडा थोडाच. हे बदल आईकडून येतात तसे बापाकडूनही येतात, आणि दमा नसलेल्या माणसांतही असतात.

अमेरिकेतल्या आमिश आणि हटराइट या दोन शेतकरी समाजांचं वंशमूळ जवळपास सारखंच, पण २०१६ च्या अभ्यासात आमिश मुलांत दमा ५ टक्के आणि हटराइट मुलांत २१ टक्के निघाला! आमिश मुलं घराजवळच्या गोठ्यात गाईगुरांत वाढतात, हटराइटांची शेती मोठी, यंत्रांची आणि घरापासून लांब. म्हणजे जीन सारखे असूनही एवढा फरक, मग सुनेला कसला दोष देता?

आता आत काय होतं ते. गादीतल्या धुळीचे बारीक किडे श्वासनळीच्या अस्तराला डिवचतात, अस्तर टीएसएलपी, आयएल-३३ सोडून धोक्याची हाक देतं, मग आयएल-४ आणि आयएल-१३ मुळे शरीर आयजीई (ॲलर्जीचं प्रतिपिंड) बनवतं, ते मास्ट पेशींवर (ॲलर्जीची रसायनं साठवणाऱ्या पेशींवर) जाऊन बसतं आणि पुढच्या वेळी धूळ आत गेली की त्यांतून हिस्टामिन हे रसायन बाहेर पडतं, नळी आवळते, छातीत घरघर सुरू. आयएल-५ हा आणखी एक निरोप इओसिनोफिल या पांढऱ्या पेशींना बोलावतो, आयएल-१३ मुळे कफ वाढतो आणि आतली सूज राहतेच, मूल अगदी खेळत असलं तरी.

ही सूज उतरवतो तो रोजचा स्टेरॉइडचा पंप. धाप लागली की घ्यायचा पंप नळी मोकळी करतो, सूज नाही उतरवत, म्हणून २०१९ पासून जागतिक मार्गदर्शनात नुसत्या त्याच पंपावर राहू नका असं सांगितलंय. आणि आमच्याकडे अजून "पंपाची सवय लागेल" म्हणून बरं वाटलं की लोक रोजचाच पंप बंद करतात, मीही दोन महिने केला होता आणि एका रात्री तिला वाफ द्यायला दवाखान्यात पळावं लागलं.

म्हणून विनंती आहे, आरोग्य पुरवणीत एकदा पंप कसा ओढायचा, स्पेसर (पंपाला जोडायची नळी) कसा लावायचा, नंतर चूळ का भरायची हे चित्रांसकट छापा, माझ्यासारख्या कितीतरी जणी ते कापून फ्रिजवर लावतील.

– एक आई, नाशिक