रोममधली खापरांची टेकडी

संपादक महोदय,

रविवारच्या पुरवणीतला रोमवरचा लेख वाचला, छान होता पण परत तेच कोलोसियम आणि तेच सम्राट. तिथल्या मोंते टेस्टाच्चो टेकडीबद्दल कुणी का लिहीत नाही? साधारण 35 मीटर उंच आणि अख्खीच्या अख्खी फुटक्या रांजणांची! शेजारीच टायबर नदीचा धक्का होता, तिथे मुख्यतः दक्षिण स्पेनमधून ऑलिव्हचं तेल यायचं, एकेका रांजणात जवळपास 70 लिटर, आणि तेल मातीत मुरून खवट व्हायचं म्हणून रांजण परत वापरता यायचे नाहीत, मग ते फोडायचे, नीट थर लावून रचायचे आणि वास मारू नये म्हणून वर चुना टाकायचे. अंदाज 5 कोटींच्या वर रांजणांचा आहे.

मला सगळ्यात भारी काय वाटतं तर त्या खापरांवर शाईने लिहिलेलं वजन, व्यापाऱ्याचं नाव, साल हे अजून वाचता येतं. हाइनरिश ड्रेसेल या जर्मन अभ्यासकाने 1872 मध्ये ही अक्षरं अभ्यासायचं काम हातात घेतलं. रोमच्या घरात दिव्याला आणि जेवणाला तेल कुठून यायचं ते ही खापरं सांगतात, संगमरवरी पुतळे नाही सांगत.

यावर एक सविस्तर लेख छापाच, आणि खापरांचे फोटो जरा मोठे द्या.

– एक नियमित वाचक, सातारा