नऊ विधानांच्या मराठीसाठी माणसं हवीत

समलैंगिक आणि उभयलैंगिक पुरुषांच्या मनात स्वतःच्याच लैंगिकतेबद्दल मुरलेला तिटकारा मोजायला मार्टिन आणि डीन या संशोधकांची ९ विधानांची प्रश्नावली वापरतात. (ती १९८० च्या डीएसएम-३ मधल्या, म्हणजे अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या निदान-पुस्तिकेतल्या, एका निदानाच्या निकषांवरून बेतलेली. निदान १९८७ मध्ये वगळलं गेलं, प्रश्नावली टिकली!) आमचं मंडळ तिचं मराठी रूप करतंय.

आधी ४ भाषांतरकार हवेत. दोघे एकमेकांना न विचारता मराठी करतील, त्यातून एक मसुदा ठरेल. उरलेले दोघे मूळ न पाहता तो परत इंग्रजीत नेतील. अर्थ कुठे घसरला ते तिथे कळतं. 'समलैंगिक नसतो तर बरं' याला 'असहमत' म्हणताना नकारावर नकार चढतो आणि घाईत उलटी खूण होते. स्त्रियांची ओढ वाढावी अशा अर्थाच्या विधानाला उभयलैंगिक पुरुष सहज हो म्हणेल. त्यात तिटकारा असेलच असं नाही. म्हणून त्यांच्यासाठी शब्दरचना वेगळी लागेल.

मग १० जण, प्रत्येक विधान वाचून त्यातून काय समजलं ते बोलून दाखवणारे. तासाभराचं काम.

शेवटी २०० उत्तरं. प्रत्येक विधानाला १ ते ५ गुण, बेरीज ९ ते ४५. नाव, फोन काही नाही. स्वतः ठरवलेला सांकेतिक क्रमांक लिहायचा आणि जमलं तर दोन आठवड्यांनी त्याच क्रमांकाने पुन्हा भरायचं. कार्यक्रमांना येणारेच आले तर सगळ्यांचे गुण तळाशी साचतात आणि मोजपट्टी निरुपयोगी ठरते. कुणालाच न सांगितलेले, लग्न झालेले पुरुष आम्हाला जास्त हवेत.

लपवणं आम्ही बेरजेत धरणार नाही. काही प्रश्नावल्यांत ते धरतात, पण घराबाहेर काढतील या भीतीने गप्प बसणारा स्वतःचा तिरस्कार करतो असं नव्हे. तो सावध आहे. त्याचे प्रश्न वेगळ्या कागदावर असतील. अमुक गुणांच्या पुढे 'आजारी' अशी रेषाही नाही.

विधानं बोचू शकतात, म्हणून उत्तरं भरण्याच्या दिवशी २ समुपदेशक हजर हवेत. लैंगिकता 'बदलून देणारे' नकोत. संख्याशास्त्र जाणणारं कुणी असेल तर उत्तम: अल्फा (विधानं एकमेकांशी किती जुळतात ते सांगणारा आकडा) ०.७० च्या खाली गेला, तर कोणतं विधान बेसूर आहे ते शोधावं लागेल.

पैसे नकोत. दार बंद होणारी एक खोली मात्र हवी आहे.